वसंतातली टर्की: अमेरिकेत पहिल्यांदा शिकारीला निघताना

अमेरिकेत एप्रिल-मे महिन्यांत एखादा सहकारी सकाळी दहाच्या मीटिंगला तांबारलेले डोळे आणि चिखलाचे बूट अशा अवतारात आला, तर बहुधा तो पहाटेपासून कुठल्याशा ओकच्या बुंध्याला पाठ टेकून बसलेला असतो. वसंतातली टर्कीची शिकार हा इथला मोठा हंगाम आहे. कडाक्याची थंडी नसते, सामान फारसं लागत नाही, आणि पक्षी तुमच्या हाकेला खरोखर उत्तर देतो. इथे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणी ‘शिकार शिकायची आहे’ म्हणालं, की मी हरणाआधी टर्की सुचवतो.

महाराष्ट्रात वाढलेल्या आपल्या पिढीने शिकार पाहिलेलीच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ती आजोबांच्या गोष्टींत उरली. शिकार म्हणजे गुन्हा हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे आणि तिथे ते योग्यच आहे. इथलं गणित निराळं. जंगलतोड आणि बाजारासाठी झालेली बेसुमार कत्तल यांमुळे १९३०च्या दशकात रानटर्की देशभरात जेमतेम दोन लाख उरली होती. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. आधी फार्मवर वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले, पण ते टिकले नाहीत. १९५०च्या दशकात तोफेसारख्या नळ्यांनी जाळं उडवून रानातलेच पक्षी पकडायचे आणि नव्या रानात नेऊन सोडायचे, हा उपाय लागू पडला. आज ही संख्या साठ लाखांच्या घरात आहे. म्हणजे तुम्ही जो परवाना काढता त्याच्या पैशावरच हा पक्षी उभा आहे. हे पटत नसेल तर शिकारीला जाऊ नये, त्यात काही बिघडत नाही. पटत असेल तर पुढे वाचा.

आधी व्हिसा, मग बंदूक

इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांमध्ये हा भाग नसतो, कारण त्या लिहिणाऱ्यांना त्याची गरज पडत नाही. आपल्याला पडते. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर अमेरिकेत असलेल्या माणसाला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस बाळगायला मुळात मनाई आहे. ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावर मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) नोकरी करणाराही एफ-१च असतो, हे विसरू नका. या मनाईला जे अपवाद आहेत त्यांतला आपल्या कामाचा एक: अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना तुमच्याजवळ असणं. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी परवाना, नंतर बंदुकीला हात. मित्राची बंदूक नेमबाजीच्या रेंजवर पाच मिनिटं हातात घेणं हेसुद्धा बाळगण्यातच मोडू शकतं. परवान्याची मुदत संपली आणि बंदूक कपाटात राहिली, तर अपवादही संपला.

ग्रीनकार्डधारक आणि नागरिक यांना व्हिसाची ही अट लागू नाही. राज्यांचे नियम मात्र सगळ्यांनाच लागतात. न्यू जर्सीत शॉटगन (छर्ऱ्यांची बंदूक) विकत घ्यायला पोलिसांकडून ओळखपत्र काढावं लागतं, इलिनॉयमध्ये बंदूक बाळगायलाच ‘फॉइड’ कार्ड लागतं. तात्पुरत्या व्हिसावर असाल तर इमिग्रेशनच्या वकिलाला एकदा विचारून घ्या. इथे चूक झाली तर नुसता दंड भरून सुटका होत नाही, मुक्कामच धोक्यात येतो.

कोर्स आणि परवाना

जवळजवळ सगळ्या राज्यांत परवान्याआधी ‘हंटर एज्युकेशन’चा कोर्स करावा लागतो. वयाची अट राज्यागणिक वेगळी आहे. टेक्ससमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो सक्तीचा आहे. बराचसा भाग ऑनलाइन होतो, पण जिथे प्रत्यक्ष वर्ग भरतो तिथे आवर्जून जा. भरलेली आणि रिकामी बंदूक हातात देऊन फरक दाखवणारा माणूस पडद्यावर भेटत नाही. शिवाय त्या वर्गातच आसपासच्या जुन्या शिकाऱ्यांची ओळख होते, आणि नवख्याला कोर्सहून जास्त उपयोग त्या ओळखीचा होतो. एका राज्याचं प्रमाणपत्र इतर राज्यांत चालतं.

काही राज्यांत कोर्स न करताही अनुभवी शिकाऱ्यासोबत जाण्यासाठी शिकाऊ परवाना मिळतो. ओहायो आणि पेनसिल्व्हेनियात अशी सोय आहे. आवड आहे की नुसतीच हौस, हे तपासायला हा मार्ग उत्तम.

मूळ परवान्यावर बहुतेक राज्यांत टर्कीचा वेगळा परमिट किंवा स्टॅम्प लागतो. तारखा, वेळा आणि मर्यादा राज्याप्रमाणे बदलतात. फ्लोरिडाच्या दक्षिण भागात हंगाम मार्चच्या सुरुवातीलाच उघडतो. कॅलिफोर्नियात तो मार्चच्या शेवटच्या शनिवारी सुरू होऊन ३७ दिवस चालतो आणि संध्याकाळी पाचला बंदूक खाली ठेवावी लागते. न्यूयॉर्कमध्ये मे महिनाभर, पण रोज फक्त दुपारी बारापर्यंत. दोन्हीकडे दिवसाला एकच दाढीवाला पक्षी. संपूर्ण वसंतात कॅलिफोर्नियात तीन, न्यूयॉर्कात दोन. कॅलिफोर्नियात २०१९पासून कोणत्याही शिकारीला शिशाचे छर्रे चालत नाहीत. यातलं काही पाठ करू नका. दरवर्षी खातं नवीन पुस्तिका काढतं, ती वाचा. दक्षिणेतल्या काही राज्यांत टर्कीची पिल्लं कमी जगू लागल्यामुळे तिथल्या खात्यांनी अलीकडे तारखा पुढे ढकलल्या आहेत आणि मर्यादाही घटवल्या आहेत.

‘दाढीवाला’ म्हणजे काय, ते इथेच सांगतो. पूर्ण वाढलेल्या नराच्या छातीतून घोड्याच्या केसांसारखा राठ झुबका लोंबतो, तीच त्याची दाढी. नराला ‘टॉम’ किंवा ‘गॉब्लर’ म्हणतात आणि त्याचं वजन साधारण सात ते अकरा किलो भरतं. वर्षभराचा तरुण नर म्हणजे ‘जेक’. त्याची दाढी बोटाएवढी असते आणि शेपटीचा पंखा उघडला की मधली पिसं बाजूच्यांपेक्षा लांब दिसतात. बहुतेक राज्यांत वसंतात नर किंवा दाढीवालाच मारता येतो. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि हंगाम साधारण माद्या अंडी घालायला लागल्यावर ठेवलेला असतो, त्यामुळे काही नर कमी झाले तरी पुढच्या पिढीला धक्का बसत नाही. क्वचित एखाद्या मादीलाही दाढी असते. नियमात ती बसली तरी मी तिला सोडून द्यायला सांगेन.

माणसापासून जपा

टर्कीच्या रानात खरा धोका साप-अस्वलांचा नाही. सगळे शिकारी रानाच्या रंगात रंगलेले, तोंड झाकलेले, झुडपाआड बसून टर्कीचा आवाज काढत असतात. अशा वेळी एखादा अधीर माणूस आवाजाच्या दिशेने दबकत निघतो, पानांआड काहीतरी हलताना पाहतो आणि चाप ओढतो. टर्कीच्या हंगामातले बरेच अपघात असेच होतात. म्हणून या शिकारीचा पहिला नियम हाच: आवाजाचा माग काढत दबकत जायचं नाही. आपण बसायचं आणि पक्ष्याला आणायचं. तुम्ही ज्याच्यामागे निघालात तो ‘पक्षी’ दुसरा शिकारी असू शकतो.

लाल, पांढरा आणि निळा हे तीन रंग अंगावर कुठेही नकोत. चिडलेल्या किंवा माजावर आलेल्या नराचं डोकं नेमक्या याच रंगांचं असतं. आतला पांढरा बनियन, निळ्या जीन्सची दुमड, लाल रुमाल, डब्याचं पांढरं झाकण, सगळं तपासा. पॅण्ट वर सरकली की पांढरे मोजे दिसतात, ते हमखास नजरेतून सुटतात.

बसायला आपल्या खांद्यांपेक्षा रुंद झाड निवडायचं. पाठ झाकली जाते आणि आकृतीही बुंध्यात मिसळते. दुसरा शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, शीळ घालू नका, टर्कीचा आवाज तर काढूच नका. स्पष्ट, मोठ्याने, माणसाच्या आवाजात हाक मारा. सकाळ वाया जाईल, जाऊ द्या. चालताना डोक्यावर किंवा पाठीवर भगव्या-नारिंगी रंगाचं काहीतरी असू द्या. मारलेला पक्षी आणि नकली पक्षी (खऱ्याला भुलवायला मांडतात तो), दोन्ही झाकून किंवा नारिंगी पिशवीत घालूनच न्यायचे. काहीजण नराच्या पिसांचा पंखा तोंडासमोर धरून सरपटत पुढे जातात. व्हिडिओत ते थरारक दिसतं. सार्वजनिक रानात मात्र ते मरणाला दिलेलं आवतण आहे.

बंदुकीचे चार नियम कोर्समध्ये शिकवतीलच: प्रत्येक बंदूक भरलेली आहे असं समजणं, नळी सुरक्षित दिशेला ठेवणं, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर ठेवणं, लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखणं. यातला चौथा टर्कीच्या बाबतीत कठीण जातो, कारण पहाटेच्या अर्धवट उजेडात उत्सुक डोळ्यांना हवं तेच दिसतं. पूर्ण पक्षी, त्याचं डोकं आणि दाढी दिसेपर्यंत ते लक्ष्य नाही. घरात लहान मुलं असोत-नसोत, बंदूक कुलपात आणि काडतुसं वेगळ्या कुलपात.

काय घ्यावं, काय घेऊ नये

दुकानात गेलात तर हजार डॉलर सहज जातात. गरज त्याच्या निम्म्याचीही नसते. पंप शॉटगन (नळीखालचा दस्ता मागे-पुढे करून पुढचं काडतूस चढवायची ती) पुरते. १२ गेज म्हणजे आपल्याकडची बारा बोअर, पण आजच्या काडतुसांमुळे २० गेजही भरपूर झाली आहे. ती हलकी, धक्का कमी, आणि नवख्याने धक्क्याला घाबरून डोळे मिटण्यापेक्षा हलकी बंदूक बरी. नळीच्या तोंडाला ‘फुल’ किंवा त्याहून घट्ट चोक बसवायचा, म्हणजे छर्रे फार न पसरता एकत्र जातात. शिशाचे चार, पाच किंवा सहा नंबरचे छर्रे नेहमीचे. टंगस्टनचे बारीक छर्रे जास्त दूरवर काम करतात, पण एकेका काडतुसाचे पैसे बघून हात आखडतो. पहिल्या वर्षी त्यांची गरज नाही. कॅलिफोर्नियात मात्र बिगरशिशाचाच पर्याय आहे.

बंदूक घेतली म्हणजे तयारी झाली असं नाही. रेंजवर जाऊन तिचा ‘पॅटर्न’ बघावा लागतो. टर्कीच्या डोक्या-मानेचं चित्र असलेला कागद २०, ३० आणि ४० यार्डांवर लावायचा आणि हंगामात जे काडतूस वापरणार तेच झाडायचं. दहा इंचांच्या वर्तुळात शंभरेक छर्रे आणि मानेच्या चित्रात चांगले दाट ठिपके पडले तर ते अंतर तुमच्या बंदुकीला झेपतं. ३० यार्डांपर्यंतच झेपत असेल तर तुमची मर्यादा ३० यार्ड, बाकीचे काहीही सांगोत. नेहमीच्या शिशाच्या काडतुसांना ४० यार्डांच्या, म्हणजे साधारण ३६ मीटरच्या पलीकडे जाऊ नये. अंतराचा अंदाज चुकून पक्षी जखमी होऊन पळाला, तर तो रानात कुठेतरी झुरत मरतो.

सरावाला हलकी, स्वस्त काडतुसं वापरा. टर्कीची भारी काडतुसं खांदा सुजवतात.

कपडे हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे, आणि हातमोजे व तोंडावरची जाळी विसरायची नाही. उघडा चेहरा आणि तळहात रानात चमकतात. बसायला जाड गादी हवीच हवी. चांगली बंदूक नि खराब गादी यांपेक्षा उलटं परवडलं, कारण कंबर दुखली की माणूस हलतो आणि हलला की खेळ संपला. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, तिला रंग दिसतात आणि मान जराशी वळवली की चौफेर दिसतं. वासाचं अंग मात्र कच्चं. जुने शिकारी म्हणतात, टर्कीला नाक असतं तर एकही हाती लागली नसती.

गोचीड हा स्वतंत्र विषय आहे. मे महिन्यात खसखशीच्या दाण्याएवढ्या गोचिडी लाइम रोग घेऊन फिरतात. कपड्यांवर आणि बुटांवर ०.५ टक्के परमेथ्रिन आदल्या दिवशी मारून वाळवा (घरात मांजर असेल तर ओल्या कपड्यांपासून तिला लांब ठेवा, तिला ते विषारी असतं). पॅण्ट मोज्यांत खोचा, घरी आल्यावर काखा, जांघा, कानामागे नीट तपासा. दक्षिणेत आणि पूर्वेत पाठीवर पांढरा ठिपका असलेली ‘लोन स्टार’ गोचीड असते. तिच्या चाव्याने काहींना लाल मांसाची ॲलर्जी जडते, म्हणजे मटणाचा रस्सा वर्षानुवर्षं बंद. टर्की तेवढी चालते.

आवाज: कमी शिका, नीट शिका

ही शिकार निसर्गाच्या उलट दिशेने चालते, हे कळलं की पुढचं बरंच उलगडतं. वसंतात नर झाडावरून ‘गॉबल’ करतो, म्हणजे आपला पत्ता जाहीर करतो, आणि माद्या त्याच्याकडे चालत जातात. आपण मादीचा आवाज काढून नराला म्हणतो, तूच ये. तो उत्तर देतो आणि जागेवरच पिसारा फुलवून उभा राहतो, कारण रीतीप्रमाणे मादीने यायचं असतं. आपण जितकं जास्त ओरडू तितकी त्याची खात्री पटते की ती येतेच आहे. म्हणून चांगला शिकारी आवाज कमी काढतो आणि गप्प जास्त बसतो. मादी अचानक गप्प झाली की नराला राहवत नाही.

सुरुवातीला लाकडी पेटीचं ‘बॉक्स कॉल’ घ्या. झाकणाला खडू लावून पेटीच्या कडेवर घासलं की मादीचा आवाज निघतो, तासाभरात जमतो. ‘पॉट कॉल’ म्हणजे पाटीची किंवा काचेची गोल चकती, तिच्यावर काडी घासायची. हा आवाज मऊ असतो आणि पक्षी जवळ आल्यावर उपयोगी पडतो. तोंडात धरायची पडद्याची ‘डायाफ्रॅम’ दोन्ही हात मोकळे ठेवते, पण ती जमायला महिने जातात आणि शिकताना घरातल्यांचा अंत पाहते. गाडीत शिका.

तीन आवाज पुरतात. ‘यल्प’ म्हणजे ठरावीक लयीतले पाच-सात स्वर, मादीची साधी हाक. ‘क्लक’ हा एकच तुटक स्वर, सगळं ठीक आहे असं सांगणारा. ‘पर’ म्हणजे चरताना काढलेली समाधानाची घरघर. लय बरोबर हवी, गोडवा नसला तरी चालतो. खऱ्या माद्याही बेसूर असतात. एक आवाज ओळखता यायला हवा पण काढायचा नाही: ‘पट’, तीक्ष्ण आणि तुटक, धोक्याचा इशारा. तो ऐकू आला म्हणजे तुम्ही दिसलात.

याशिवाय घुबड आणि कावळ्याच्या आवाजाच्या शिट्ट्या मिळतात. संध्याकाळी किंवा पहाटे घुबडाचा घुमारा दिला की नर चमकून गॉबल करतो आणि त्याची जागा कळते. मादीच्या आवाजाने जागा शोधायला गेलात तर तो तुमच्याकडे यायला निघेल आणि तुम्ही अजून उभेच असाल. बॅटरीवर वाजणारे आवाज बहुतेक राज्यांत बेकायदा आहेत, दाणे टाकून आमिष दाखवणंही बहुतेक ठिकाणी तसंच.

रान शोधणं

खासगी जमीन नसली तरी अडत नाही. राष्ट्रीय वनं, राज्यांची वन्यजीव क्षेत्रं, पेनसिल्व्हेनियातली ‘स्टेट गेम लँड्स’, मिसुरीतलं मार्क ट्वेन राष्ट्रीय वन अशी सार्वजनिक रानं भरपूर आहेत. जमिनीच्या हद्दी दाखवणारं ‘ऑनएक्स’सारखं ॲप फोनवर असू द्या. टेक्सस आणि मिसुरीसारख्या राज्यांत झाडावर किंवा खांबावर जांभळा पट्टा दिसला तर ती प्रवेशबंदीची पाटीच समजायची. शेतकऱ्याकडे परवानगी मागायची असेल तर हंगामाच्या कितीतरी आधी, दिवसाढवळ्या, साध्या कपड्यांत जा. रानाच्या रंगाचे कपडे घालून सकाळी सहाला दार वाजवू नका. आपल्या नावाचा उच्चार त्याला जमला नाही तरी कामाला मदत करायची तयारी दाखवली की बरेचदा होकार येतो. शिकार मिळाली तर छातीच्या मांसाचा एक वाटा त्याला द्या.

हंगामाआधी दोन-तीन पहाटा नुसतं ऐकायला जा. टर्की रात्री उंच झाडांवर बसते. हा रातथारा सापडला की अर्धं काम झालं. खाली खुणा शोधा: पाचोळा उकरून काढलेले ठिकठिकाणचे गोल, मातीत लोळून केलेले खळगे, धुळीत पावलांच्या दोन्ही बाजूंना पंख घासत गेल्याच्या रेघा. त्या रेघा नराच्या, पिसारा फुलवून चाललेल्या. शीट लांबट आणि टोकाला इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली असेल तर नर, वेटोळी ढेकळासारखी असेल तर मादी. छातीचं पीस सापडलं तर त्याची कड बघा, काळी कड नराची, फिकट बदामी मादीची. या फेऱ्यांत मादीचा आवाज मुळीच काढायचा नाही. हंगामाआधीच फसवलेला नर हंगामात बहिरा होतो.

ती पहाट

समजा सूर्योदय सहाला आहे. बहुतेक राज्यांत त्याच्या अर्धा तास आधीपासून बंदूक चालवता येते. नर त्याच्याही आधी गॉबल करू लागतो. म्हणजे पाचला तुम्ही झाडाखाली बसलेले हवेत, शक्यतो दिवा न लावता. रातथाऱ्यापासून १०० ते १५० यार्डांवर, त्याच्या पातळीवर किंवा थोडं वर बसा. तुमच्या आणि त्याच्या मध्ये ओढा किंवा तारेचं कुंपण नको. उडू शकणारा हा पक्षी गुडघाभर ओढ्यापाशी थांबून तासभर ओरडतो, ओलांडत नाही.

नकली मादी लावायची तर १८-२० यार्डांवर. ती अंतर मोजायलाही उपयोगी पडते. सोबत नकली जेक असेल तर त्याचं तोंड तुमच्याकडे, कारण येणारा नर त्याच्या समोर जाऊन उभा राहतो आणि पाठ तुमच्याकडे येते. सार्वजनिक रानात पिसारा फुलवलेला नकली नर लावू नका, दुसऱ्या कुणाला तो खरा वाटेल. बसल्यावर बंदूक गुडघ्यावर टेकवून त्याच्या दिशेला वळवून ठेवा. उजव्या हाताने चालवणाऱ्याने डावा खांदा त्या दिशेला करून बसावं, म्हणजे नळी जास्त फिरते.

उजाडू लागलं की दोन-तीन हलके यल्प, इतकेच. त्याने उत्तर दिलं की त्याला तुमची जागा मीटरभराच्या अचूकतेने कळलेली असते. पुन्हा ओरडायची गरज नाही. पंखांचा फडफडाट ऐकू आला म्हणजे तो खाली उतरला. यानंतर तो एकतर थेट येतो, किंवा खऱ्या माद्यांच्या मागे निघून जातो. दुसरं जास्त वेळा घडतं. निराश होऊन घरी जायची चूक बहुतेक नवखे इथे करतात. नऊच्या सुमारास माद्या एकेक करून घरट्यांकडे जातात, मादी अंदाजे डझनभर अंडी २८ दिवस उबवते, आणि सकाळी तुमच्याकडे ढुंकूनही न पाहणारा नर एकटा पडतो. नऊ ते अकराची वेळ म्हणूनच सोन्याची. बारापर्यंतची मुदत असलेल्या राज्यातही ती मिळते.

तो गॉबल करत येत असेल आणि अचानक गप्प झाला तर उठू नका. गप्प झालेला नर बरेचदा गप्पपणे चालत येत असतो. किमान पाऊण तास थांबा. कधी कधी पाचोळा वाजतो, किंवा छातीतून निघणारा ‘ड्रमिंग’चा घुमणारा आवाज कानापेक्षा अंगाला जाणवतो. मग मान वळवायची इच्छा होते. वळवायची नाही. डोळे फिरवा, डोकं नाही. बंदूक हलवायची ती त्याचं डोकं झाडाआड गेल्यावर.

जागा बदलायची वेळ आली तर थोडं चाला, थांबा, एकदा हाक द्या, ऐका. पण हाक देण्याआधी बसायचं झाड निवडून ठेवा. उत्तर ८० यार्डांवरून येऊ शकतं आणि मग झाड शोधायला सवड नसते.

पिसारा फुलवलेल्या नरावर घाई नको. मान आखडलेली असते आणि छर्रे पिसांत जातात. एक ‘क्लक’ दिला की तो मान ताठ करून बघतो. नेम मानेच्या तळाशी, जिथे पिसं संपून लाल कातडी सुरू होते तिथे. छातीवर कधीच नाही. मागे दुसरा पक्षी नाही ना, ते बघा. एका गोळीत दोन पडले तर एकच घरी नेता येतो आणि दुसरा गुन्हा होतो. गाल बंदुकीच्या दस्त्याला चिकटलेला ठेवा. पक्षी पडताना बघायला मान उचलली की नेम वर जातो.

पडल्यावर

आधी बंदुकीची सेफ्टी लावा, मग चालत पुढे. बराच वेळ पंख फडफडतात, आणि पायामागचे काटे हाताला चिरतात, म्हणून पाय धरताना जपून. जिथे टॅगची (पक्ष्याला लावायच्या नोंदीच्या चिठ्ठीची) पद्धत आहे तिथे तो जागीच भरून लावायचा, गाडीपाशी गेल्यावर नाही. नोंद किती दिवसांत करायची तेही ठरलेलं असतं, न्यूयॉर्कमध्ये सात दिवस. काही राज्यांत घरी पोहोचेपर्यंत दाढी अंगावरच ठेवावी लागते, नर असल्याचा पुरावा म्हणून.

मे महिन्यात ऊन चढतं, तेव्हा आतडी लवकर काढून पोटात बर्फाची पिशवी ठेवा. पिसांसकट सोलणं सोपं. अख्खी भाजायची असेल तर साधारण ६० ते ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात बुडवून पिसं उपटतात. बरेच लोक छातीचं मांस काढून उरलेलं टाकून देतात. अनेक राज्यांत खाण्याजोगं मांस टाकणं बेकायदा आहे, आणि कायदा नसता तरी ते टाकवलं नसतं. रानटर्कीच्या तंगड्या पळून-पळून दोरखंडासारख्या झालेल्या असतात, त्या भाजल्या तर चावता येत नाहीत. त्यांना आपला प्रेशर कुकर लागतो. आलं-लसूण, हळद, मीठ लावून रात्रभर ठेवा, कुकरला चांगल्या शिट्या घ्या, हाडं आणि टणक शिरा काढून टाका, आणि उरलेल्या मांसाचा तांबडा रस्सा किंवा सुकं करा. छातीला चरबी नसते, त्यामुळे ती पातळ कापून झटपट परता किंवा खिमा करून थोडं तूप घाला. मधोमध ७४ अंशांना पोहोचली की आच बंद, नाहीतर ती भुसा होते. आणि पाहुण्यांना वाढण्याआधी मांस बोटांनी चाचपून छर्रे काढून टाका, दाताखाली आला तर दात जातो.